पहिली गाडी कशी निवडावी: नुकतंच लायसन्स मिळालेल्यांसाठी

लायसन्स हातात आलं तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत सर शेजारी बसायचे आणि त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असायचा, त्यामुळे भीती वाटली नाही. खरी भीती नंतर सुरू झाली, स्वतःची गाडी घ्यायची ठरल्यावर. दीर म्हणाले, "वहिनी, घ्यायचीच तर मोठी घ्या, पुन्हा पुन्हा कोण घेतंय?" बाबांचं म्हणणं होतं, जुनी म्हणजे दुसऱ्याची कटकट विकत घेणं. शेजारच्या काकूंनी तर सांगून टाकलं की बाईला ऑटोमॅटिकच बरी.

चार महिने गेले, सात गाड्या बघून झाल्या, एका गाडीवर टोकनचे पैसेही बुडाले. शेवटी २०२० सालची एका मालकाची, पेट्रोलवरची, हाताने गिअर टाकायची टियागो घेतली. आज दोन वर्षं मी ती पुण्यात रोज चालवते. या चार महिन्यांत जे शिकले ते खाली क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं पुण्याची आहेत, पण महाराष्ट्रात कुठेही उपयोगी पडतील.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. पहिली गाडी हात बसण्यासाठी घ्यायची असते. जी गाडी तुम्ही रोज न घाबरता पार्किंगमधून बाहेर काढाल, ती तुमची गाडी. घासली तर काय, या विचाराने जी आठ-आठ दिवस जागेवर उभी राहील, ती कितीही चांगली असली तरी पहिली म्हणून घेऊ नका.

१. शोरूमच्या आधी पार्किंग मोजा

घरातली मेजरिंग टेप घ्या आणि खाली जा. चार गोष्टी मोजा: दोन खांबांमधली रुंदी, जागेची लांबी, आत वळण्यासाठी समोर मोकळी असलेली जागा आणि सोसायटीच्या गेटची रुंदी. बेसमेंट असेल तर रॅम्पचा चढ आणि वळणही बघा.

माझ्या जागेत खांबापासून भिंतीपर्यंत २ मीटर ४० सेंटीमीटर आहेत. टियागोची रुंदी साधारण १६८ सेंटीमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून ७२ सेंटीमीटर उरतात. दिरांनी सुचवलेली क्रेटा १७९ सेंटीमीटर रुंद आहे. ११ सेंटीमीटरचा फरक कागदावर काहीच वाटत नाही. पण खांबाकडचा आरसा वाचवून आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडून उतरायचं असतं, तेव्हा तो अर्ध्या वितीचा फरकही मोठा असतो. ही मापं कंपनीच्या माहितीपत्रकात मिळतात. मात्र तिथली रुंदी बहुतेक वेळा आरसे सोडून दिलेली असते, हे विसरू नका.

त्याच पत्रकात 'टर्निंग रेडियस' हा आकडा असतो. तो जितका कमी तितकी गाडी कमी जागेत वळते. वॅगन-आरचा ४.७ मीटर आहे. पेठेतल्या गल्लीत किंवा सोसायटीच्या कोपऱ्यावर हाच आकडा कामाला येतो.

आठवड्यात गाडी नेमकी कुठे जाणार तेही लिहून काढा. माझ्या कागदावर ऑफिस, मुलीचा क्लास, मंडई आणि महिन्यातून एकदा साताऱ्याला सासरी जाणं एवढंच निघालं. सात जणांची गाडी घ्यायचा विचार तिथेच संपला.

२. नवी की वापरलेली?

माझा सल्ला वापरलेल्या गाडीचा आहे, तीन ते सहा वर्षांच्या. पहिल्या वर्षात बंपर घासतो, रिम कठड्याला लागते, क्लच जास्त झिजतो. हे जवळजवळ सगळ्यांच्या बाबतीत होतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. कोऱ्या गाडीवर पहिला ओरखडा उठला की नवशिक्या माणसाचा हात आखडतो, ते मी मैत्रिणीच्या बाबतीत जवळून पाहिलं आहे.

नवी घेण्याची बाजूही सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी तो २८ टक्के होता आणि वर सेस लागायचा. 'छोटी' म्हणजे चार मीटरपर्यंत लांब आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतचं इंजिन. त्यामुळे नव्या आणि जुन्या गाडीतलं अंतर कमी झालं आहे. जुनी गाडी विकणारा "नवी केवढ्याला पडते बघा" म्हणेल, तेव्हा तो त्या तारखेआधीची किंमत सांगत नाही ना, ते तपासा. घासाघीस करायला हा चांगला मुद्दा आहे.

नव्या गाडीची जाहिरातीतली किंमत आणि हातात येणारी किंमत यांत मोठं अंतर असतं. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नोंदणीसाठी ११ टक्के रस्ता कर लागतो. ६ लाखांच्या गाडीवर ६६ हजार तिथेच गेले, विमा आणि नोंदणी वेगळी.

वापरलेली घेताना सगळे पैसे गाडीवर घालवू नका. चार लाख असतील तर तीन लाख चाळीस हजारांपर्यंतची गाडी बघा. उरलेल्यात नावावर करणं, विमा, पूर्ण सर्व्हिसिंग आणि लागलेच तर टायर-बॅटरी बसवा.

३. गाडीत बसा आणि मागे कुंडी ठेवा

माझी उंची पाच फूट एक इंच. काही गाड्यांत मला बॉनेट दिसतच नव्हतं. म्हणून किंमत विचारायच्या आधी सीटवर बसा. पाठ टेकलेली ठेवून क्लच पूर्ण खाली दाबा. तेव्हा गुडघा जरासा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणावा लागला तर गर्दीत अर्ध्या तासात पोटरी भरून येते. सीट वर-खाली होते का ते बघा; खालच्या मॉडेलमध्ये ही सोय पुष्कळदा नसते.

मग एक प्रयोग करा. कुणाला तरी गाडीच्या मागे गुडघ्याइतकी कुंडी किंवा बादली ठेवायला सांगा आणि ती मागच्या काचेतून दिसेपर्यंत लांब सरकवायला लावा. दोन गाड्यांत मला जो फरक दिसला तो पाच-सहा पावलांचा होता. तेवढ्या अंतरात एखादं लहान मूल उभं असेल तर ते दिसणार नाही. समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांबही बघा. ते जाड असले की वळणावर दुचाकी त्यांच्याआड लपते.

वॅगन-आरसारख्या उंच बसणीच्या गाड्या नवीन चालकांना आवडतात त्या याचसाठी.

४. गिअर

आपल्याकडे कारच्या लायसन्सवर ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल असा भेद नाही, त्यामुळे दोन्ही मोकळे आहेत. रोज तास-दीड तास रखडत जायचं असेल, गुडघा दुखत असेल, तर ऑटोमॅटिक घ्या. त्यात कमीपणा काही नाही. मी मॅन्युअल घेतली कारण शिकलेला हात सुटू द्यायचा नव्हता आणि सासरची गाडीही वेळप्रसंगी चालवावी लागते.

स्वस्त ऑटोमॅटिक बहुतेक एएमटी असतात. म्हणजे आत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, क्लच दाबायचं काम यंत्र करतं. गिअर बदलताना हलका हिसका बसतो. चढावर थांबून निघताना गाडी थोडी मागेही येऊ शकते, तेव्हा हँडब्रेक लावून निघायची सवय हवी. टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर देतात. तुम्ही बेसमेंटच्या रॅम्पवर किंवा एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर थांबवून बघा.

५. इंधन

डिझेल नको. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो मोकळा व्हायला गाडी अधूनमधून लांब आणि वेगात चालावी लागते. शहरातल्या दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तुंबतो.

सीएनजी रोज ४०-५० किलोमीटर असतील तरच. बहुतेक गाड्यांत डिकी जाते आणि पंपावर रांग लावावी लागते. वापरलेल्या गाडीत किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, त्याची नोंद आहे का ते बघा, आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाल्याचं प्रमाणपत्र मागा. इलेक्ट्रिक घ्यायची तर आधी सोसायटीकडून चार्जिंगची लेखी परवानगी घ्या. बाकी सगळ्यांनी पेट्रोल.

६. सुरक्षेसाठी एक तारीख लक्षात ठेवा: १ जुलै २०१९

या तारखेपासून बनलेल्या कारमध्ये चालकासमोर एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा आवाज, ८० च्या वेगाला इशारा आणि मागे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, त्याच वर्षी एप्रिलपासून सक्तीचं होतं. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या गाड्यांना २०२२ च्या सुरुवातीपासून लागू झाली. तेव्हा २०१९ च्या मध्यानंतरचीच गाडी बघा, त्याआधीची कितीही स्वस्त मिळाली तरी. पार्किंग सेन्सर नवीन माणसाच्या फार उपयोगाचे आहेत. शेजारी एअरबॅग आहे का हे मात्र मॉडेलवार विचारून घ्या.

धडक चाचणीचे स्टारही बघा. ग्लोबल एनकॅपच्या चाचण्यांत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी टियागोला २०२० मध्ये चार स्टार मिळाले, वॅगन-आरला २०२३ मध्ये एक. आपली स्वतःची भारत एनकॅप योजना २०२३ मध्ये सुरू झाली. वॅगन-आरची बसण्याची उंची मला मनापासून आवडली होती, पण मुलगी शेजारी बसणार होती. म्हणून मी टियागो घेतली आणि सीटवर पातळ उशी टाकली.

७. गाडी बघायला जाताना

एकट्याने जाऊ नका. ओळखीच्या गॅरेजवाल्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या आणि बरोबर न्या. मी आमच्या गॅरेजच्या काकांना प्रत्येक गाडीमागे पाचशे रुपये दिले. त्यांनी वाचवलेल्या पैशांपुढे ते काहीच नव्हते.

तिसरी गाडी मला फार आवडली होती. पांढरी, स्वच्छ, आत अत्तराचा वास, किंमत बाजारापेक्षा चाळीस हजारांनी कमी. काकांनी इंजिन उघडलंच नाही. पुढच्या सीटचा पट्टा हातात धरला आणि हळूहळू शेवटपर्यंत ओढत गेले. बाहेरचा पट्टा काळाभोर, मऊ. पण शेवटची हातभर पट्टी, जी एरवी कधी बाहेर येत नाही, ती पिवळट आणि कडक निघाली. त्यांनी नखाने खरवडली तर मातीचा बारीक भुगा पडला. मग पायाखालचं मॅटिंग कोपऱ्यातून उचललं, खाली सीटच्या पट्टीच्या बोल्टना गंज. "ताई, ही पाण्यात उभी होती," ते म्हणाले, आणि आम्ही निघालो.

२०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला, २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला, पुण्यातही २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आंबिल ओढ्याने गाड्या वाहून नेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या शहरात विकायला येतात. वरून त्या चकचकीत असतात, पण वायरिंग दोन पावसाळ्यांत दगा देतं. म्हणून पट्टा, मॅटिंगखालची बाजू आणि स्टेपनीची खोबण, या तीन जागा बघितल्याशिवाय पुढे बोलू नका. फार अत्तर मारलेलं असेल तर जास्तच बघा.

बाकीची तपासणी अशी:

- सकाळी जा आणि फोनवरच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा, ते गार हवं. गार इंजिन सुरू होतानाच खरं बोलतं.
- सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तर गाडी सोडा.
- बॉनेट आणि पुढच्या चाकांवरच्या पत्र्यांचे (फेंडरचे) बोल्ट बघा. पान्याने रंग उडालेला असेल तर तो भाग कधीतरी उघडला आहे. बंपर बदललेला चालेल. आतले पिलर, म्हणजे छत पेलणारे खांब, वेल्ड केलेले असतील तर मोठा अपघात आहे, घेऊ नका.
- टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलेला. गाडी तीस हजार चालली म्हणतात आणि चारही टायर बदललेले आहेत, तर मीटर मागे घेतल्याचा संशय धरा. स्टिअरिंग आणि क्लचच्या पेडलचं रबर किती गुळगुळीत झालंय तेही बघा.
- अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मालकाला घेऊन जा आणि गाडी नंबरावरून सर्व्हिसचा इतिहास काढा. तिथे प्रत्येक वेळचं किलोमीटर लिहिलेलं असतं.
- चालवताना एसी लावा, संगीत बंद ठेवा, खड्ड्यांतून न्या. क्लच फार वर उचलल्यावरच गाडी हलत असेल तर क्लच प्लेट संपत आली आहे, तेवढे पैसे कमी करून घ्या.

८. कागद

माझं टोकन इथे बुडालं. गाडी छान होती, एजंट गोड बोलत होता, "कर्ज फिटलंय, बँकेची एनओसी आहे," म्हणून त्याने बँकेच्या ना-हरकतीचा तो कागदही दाखवला. मी दहा हजार दिले. घरी येऊन मुलीने एमपरिवाहन ॲपवर नंबर टाकला तर बँकेचा बोजा अजून तसाच! एनओसीवरची तारीख वर्षभरापूर्वीची होती आणि अशा एनओसीची मुदत साधारण तीन महिन्यांची असते. मूळ मालक परदेशी, नवीन एनओसी कोण आणणार याचा पत्ता नाही. दहापैकी सहा हजार परत मिळाले, तेही दोन महिन्यांनी.

म्हणून टोकन देण्याआधी, तिथेच उभं राहून एमपरिवाहनवर या गोष्टी बघा: मालक कितवा, नोंदणीची तारीख, बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत. मग महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या संकेतस्थळावर थकलेले दंड बघा. ते विक्रेत्यानेच भरायचे, तुमच्या देखत. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी एकेक आकडा वाचून जुळवा.

नावावर करण्यासाठी लागणारी कागदपत्रं:

- मूळ आरसी
- फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांसह
- चालू विमा आणि पीयूसी
- तुमचा पत्त्याचा पुरावा, पॅन, फोटो, विक्रेत्याचं ओळखपत्र
- बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची ताजी एनओसी
- गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८

दुसऱ्या राज्यातल्या गाडीचा मोह टाळा. दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिथे जुन्या गाड्यांवर निर्बंध आहेत. पण इथे आणल्यावर महाराष्ट्राचा रस्ता कर भरावा लागतो आणि हेलपाटे वेगळे. पुण्यात राहत असाल तर एमएच १२ किंवा एमएच १४ बघा, निदान महाराष्ट्राचं पासिंग तरी.

गाडी डीलरकडून घेत असाल तर त्याचं आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र मागा. जुन्या गाड्यांच्या डीलरांना एप्रिल २०२३ पासून ते घ्यावं लागतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या करू नका आणि करून घेऊही नका.

९. पैसे आणि ताबा

टोकन देताना साध्या कागदावर चार ओळी लिहून घ्या: गाडी नंबर, ठरलेली किंमत, कोणत्या कारणाने टोकन परत मिळेल, सही. पैसे बँकेतूनच द्या आणि आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात. ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या, म्हणजे त्या क्षणापर्यंतचा दंड त्याचा, पुढचा तुमचा. दुसरी चावी मागून घ्या. विक्रेत्याचा फास्टॅग काढायला लावा आणि स्वतःच्या नावाने नवा घ्या.

नावावर करण्याचा अर्ज ३० दिवसांच्या आत करायचा असतो. "करतो हो ताई, निवांत" असं एजंट म्हणाला तरी दर आठवड्याला विचारा.

१०. विमा

विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका. नाही केला आणि गाडी ठोकली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळताना अडचण येते. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे आधी दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. त्यामुळे थोडा फरक भरावा लागेल.

नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, सक्तीचा आहे. त्यामुळे दोन वर्षांची गाडी विकताना "विमा चालू आहे" म्हणतात, आणि प्रत्यक्षात स्वतःच्या नुकसानीचा भाग संपलेला असतो. पॉलिसीवर दोन्ही तारखा वेगवेगळ्या वाचा. नव्या चालकाने झीरो डेप, म्हणजे बदललेल्या भागांची झीज न कापता भरपाई देणारा विमा, घ्यावाच, गाडीच्या वयाला मिळत असेल तर.

११. पहिले तीस दिवस

गाडी आणल्याबरोबर ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक पॅड बघून सर्व्हिसिंग करून घ्या. जुन्या मालकाने परवाच केलं म्हणाला तरी करा. मग पहिल्या रविवारी सकाळी सहाला पार्किंगमध्ये जा. दोन्ही बाजूंना रिकाम्या बादल्या ठेवा, त्यांच्या मधून गाडी दहा वेळा आत घ्या आणि दहा वेळा बाहेर काढा. माझ्या पहिल्या तीन फेऱ्यांत डावीकडची बादली पडली. आठव्या फेरीला वॉचमन काका खुर्ची घेऊन बसले आणि हाताने खुणा करू लागले. दहाव्या फेरीला त्यांनी हात खाली घेतले.

मी त्या दिवशी गाडी आत ठेवलीच नाही. तशीच मंडईत नेली आणि भाजी घेऊन परत आले.